पाणी कोमट आहे ना

गुरुवारी रात्री आठला गुलिझार माझ्याकडे येते.
म्हणते, तिच्या टीव्हीवर हिरव्या रेघा येतात.
खरं कारण, माझी शेगडी जास्त तापते.
कार्समध्ये नोव्हेंबरपासून सगळी मैत्री
कोळशाच्या हिशेबानं चालते.

अडीच तासांचा एक भाग.
त्यात पाऊण तास नुसतं बघणं.
ती त्याच्याकडे बघते, तो समुद्राकडे,
सासू दोघांकडे, जिन्यावरून.
असं चऱ्हाट वळायचे पैसे मिळतात म्हणे.
आम्ही तेवढ्यात वाटीभर सूर्यफुलाच्या बिया संपवतो.

चहाचे पेले रिकामे असतात, पाहिलंय तुम्ही?
भरलेला पेला माणूस असा हवेत नाचवत नाही हो,
बोट भाजतं, कडेला धरावा लागतो.
बॉस्फरसच्या काठी एवढी हवेली भाड्यानं घेतलीत,
घोटभर चहा ओतवत नाही?
आणि नवरी काजळासकट झोपते, काजळासकट उठते.
गोळी लागलेला आधी तीन गुपितं सांगतो,
मग मान टाकतो.

मुडदे श्वास घेतात.

इथं मात्र मला गप्प बसवत नाही.
एकोणीस वर्षं, नगरपालिकेच्या न्हाणीत,
या गावातल्या बायकांना मी शेवटचं न्हाऊ घातलंय.
मेलेल्याचा जबडा आपणहून मिटत नाही,
फडक्यानं बांधावा लागतो.
आणि ही पडद्यावरची, कफनात गुंडाळलेली,
पापण्यांमागे बुबुळं फिरवत पडलेली!
मी ओरडते, "ऊठ बाई, चहा घे,
पेला रिकामाच आहे!"
गुलिझार हसता हसता बिया सांडते.

पण एक मालिका होती.
रात्री साडेअकराला लागायची, सात भागांत गुंडाळली,
जाहिराती मिळेनात म्हणून.
गुलिझारला झोप यायची, मी एकटीच बघायची.
त्यात एक ट्रकवाला होता, चेहरा बटाट्यासारखा.
सहाव्या भागात त्याची मुलगी जाते.
मी वाट बघत होते, आता छाती बडवेल,
आता व्हायोलिन सुरू होईल.
तो न्हाणीच्या दाराशी उभा राहिला,
टोपी हातात, टोपीवरचा बर्फ वितळत,
आणि आतल्या बाईला विचारलं,
"पाणी कोमट आहे ना?"

बास. एवढंच.

मी टीव्ही बंद केला, पुढचं बघितलं नाही.
हे कुणी लिहिलं?
हे पुस्तकात सापडत नाही.
लिहिणारा कधीतरी अशा दाराबाहेर उभा राहिला असणार,
कदाचित माझ्याच.
कारण सगळे हेच विचारतात हो,
पोलीस, शिक्षिका, गवताच्या सौद्यात भावांना फसवणारे,
सगळ्यांना एवढंच हवं असतं,
तिला गार लागू नये.

मग फेब्रुवारीत मुकद्देसची आई गेली,
दूधवाल्या मुकद्देसची.
बाहेर उणे बावीस. ती दारात आली,
चौकटीला हात टेकला
आणि तेच म्हणाली, त्याच शब्दांत.
आणि मी, एकोणीस वर्षांची जुनी मी,
पळभर तिच्या तोंडाकडे बघत राहिले
आणि मनात म्हटलं, छान बोलली.
थोडं थांबून बोलली असती तर आणखी...

लाजेनं माझे कान तापले.
बाही वर सारून कोपर पाण्यात घातलं,
लेकराच्या अंघोळीला घालतात तसं,
आणि सांगितलं, "आहे. येऊन बघ."
ती आली. तिनंही कोपर घातलं.

आता गुलिझार विचारते,
तुला ती भिकार मालिकाच का लागते गं,
त्या दुसऱ्या चॅनेलवर काहीतरी चांगलं आलंय म्हणतात.
मी म्हणते, राहू दे.
वाईट मालिका बरी, ती दहा वाजून तीस मिनिटांनी संपते,
जोडे घालून आपल्या घरी जाते.
चांगली मागे मागे कामावर येते.

बघ, बघ, सासूनं पेला उचलला.
पैज लाव, रिकामा.