चार अंश

ग्रोनिंगनच्या इस्पितळात, तळघरातल्या फ्रिजमध्ये
ती कुपी, आतलं पाण्याइतकं पातळ.
चार अंश, वर अजिबात नाही,
असं येल्त्येच्या अक्षरात दारावर चिकटवलेलं.

काल तिनंच ती मोज्याशिवाय उचलली,
लिफ्ट मध्येच अडकली
आणि मुठीच्या उबेनं आत सगळं धरलं,
खरवसासारखं.
कुपी उलटी केली, थेंब हलेना.
चिडली नाही. बर्फात ठेवली, थांबली.
पुन्हा पाणी.

थंडीत कालवे गोठतात त्या गावात
हे एक उलट्या काळजाचं म्हणावं,
तर ऊब लागली की जीव धरतं.

वर खाटेवर वीब्रन, ब्याऐंशीचा,
गुडघा उघडा करून.
सुई शिरली. गार आहे, म्हणाला.
मग काहीच म्हणाला नाही.
आत ते घट्ट होत असेल,
औषध पोटाशी धरून,
रोज चिमूट चिमूट सोडायला.

"काढायला परत यायचं?"
"नाही. सहा आठवड्यांत संपतं आपोआप."
"संपतं म्हणजे जातं कुठं?"
मोजे उतरवता उतरवता येल्त्ये अडली.
"पाणी होतं. आणि थोडं आंबट,
दह्यात असतं ना, ते."

वीब्रन हसला.
चाळीस वर्षं धारा काढल्या होत्या त्यानं.
"मग ओळखीचंच आहे की."

घरी जाताना तिनं हात खिशात घातले.
तळव्याला कालचं आठवत होतं अजून:
धरण्याचा तो क्षण दिसत नाही.
कुपी वाकडी केली
की कळतं, झालंय.