अंगठ्याची चूक

फहाहीलच्या आमच्या शाळेत शनिवारी कुणी नसतं.
रखवालदारानं लॅबपुरता एसी लावून दिलाय,
बारा वाजेपर्यंत. त्यापुढे, म्हणाला, तुम्ही आणि तुमचं नशीब.
खिडकीच्या काचेवर बाहेरून दव धरलंय.
पलीकडची रिफायनरी पुसट, तिची ज्योत तेवढी
ओल्या कागदावर हळद सांडावी तशी.

सराव फेरी. तीन संघ, पंच दोन:
कुरियन सर, आणि सुदानचे इद्रीस सर,
जे प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतात.
मी घंटा. म्हणजे घंटेजवळची.
एक स्टॉपवॉच, एक पितळी घंटी आणि ताकीद:
वेळ सांगायची, बाकी काही नाही.
भौतिकशास्त्रात एमएस्सी, कोल्हापूर, सत्त्याण्णव,
हे मी अर्जात लिहिलं होतं.
अर्ज लॅब सहायकाच्या जागेचा होता.

प्रश्न असा: पाण्यानं भरलेली बाटली उपडी केली
तर रिकामी व्हायला किती वेळ लागतो, आणि का.

हनीन मांडते. बारा मिनिटं.
फळ्यावर बाण, दाब, घनता; मग बाटली उपडी.
बादलीत गुडुक्. गुडुक्. गुडुक्.
“पाणी बाहेर यायचं तर हवा आत जायला हवी,
आणि दार एकच. म्हणून ती दोघं
आळीपाळीनं येतात-जातात, हा आवाज त्यांचा.”
गोड बोलते पोर. पण समीकरणात त्रिज्या हवी
तिथं तिनं व्यास घातलाय.
माझ्या जिभेवर आलं.
मी घंटीवरची धूळ पुसली.

मग ओजस दाभोळे, विरोधक.
विरोधकानं स्वतःचं उत्तर सांगायचं नसतं,
नुसतं विचारायचं. तो विचारतो, बाही सरसावून:
“आलेखात पाच बिंदू. एवढी ठाम रेघ
कुठल्या हिमतीवर ओढलीस?”
“हिमतीवर नाही, पट्टीवर.”
“मोजलंस का खरंच?”
“तू मोजलंस?”
आणि दोघं एकदम बोलू लागली,
एकमेकांच्या वाक्यात वाक्य खुपसून,
आणि खोलीत कुणाचंच काही ऐकू येईना.
कुरियन सरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

तिसऱ्या संघाचा ब्लेसन, परीक्षक,
त्यानं सकाळपासून तोंड उघडलेलं नाही.
तो उठला. बाटली नळाखाली धरून भरली,
तळव्यानं तोंड झाकलं, मनगटातून एक गरका दिला,
आणि उपडी.
आत भोवरा उभा राहिला. मधोमध हवेची एक नळी,
भोवती पाणी, धक्काबुक्की नाही, गुडुक् नाही.
सरळ निघून गेलं.

“किती वेळ?” इद्रीस सरांनी विचारलं,
घसा न खाकरता.
कुणीच मोजलं नव्हतं.
ओजसनं हनीनकडे पाहिलं, हनीननं फळ्याकडे.

“पहिली साडेअकरा सेकंद,” मी म्हटलं. “ही सहा पूर्णांक तीन.
दोन्हीकडे माझ्या अंगठ्याची चूक धरा,
दोन दशांश.”

अंगठा कधी दाबला गेला मला आठवत नाही.
तो सत्त्याण्णवपासूनच दाबलेला असेल.

हनीननं आकडे फळ्यावर लिहिले,
शेजारी अधिक-उणे, त्यापुढे दोन दशांश.
खाली लिहायचं, मोजणी कुणाची.
खडू तिथं अडला.
चार वर्षं ही मला ‘लॅब आंटी’ म्हणते.
“मॅम, तुमचं नाव?”
“शुभांगिनी,” मी म्हटलं. “शुभांगिनी खटावकर.
आणि बाळा, वरच्या ओळीत व्यास झालाय, त्रिज्या घे.”
आणि घंटी वाजवली,
कारण वेळ खरंच संपली होती,
आणि नियम मीच मोडला होता.

बाराला एसी बंद. फरशी पुसली,
फळा तसाच ठेवला.
दाराबाहेर पाऊल टाकलं तर चष्मा पांढरा,
दोन्ही भिंगं, एका क्षणात.
आंधळीसारखी पायरीवर उभी राहिले.
मुलं कुठल्या कुठल्या गाडीत बसत होती,
भांडणं अजून चालूच.
चष्मा निवळायला किती वेळ लागतो
आणि का,
पुढच्या शनिवारी मोजायला हवं.