मांजरा, मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई

औराद शहाजानीच्या पोस्टात मी शिक्के मारत होतो
तेव्हा ते पाकीट आलं, जाड, पांढरं,
वर निळ्या शाईतला गोल, आणि गोलात
मांजराचा पंजा.
खाली नाव : मांजरा. विनाशिका.
सतरा मे अडुसष्ट. पहिला दिवस.

दिल्लीतल्या कुणा कारकुनाला
ही नदी आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.
त्यानं नाव वाचलं आणि मांजर काढलं.
सॉर्टर नबीलाल चहा सांडेपर्यंत हसला,
मग म्हणाला, जाऊ द्या,
दुश्मनाला आडवं तर जाईल.

आत कप्तानाची चिठ्ठी :
आपल्या नदीचा फोटो पाठवावा,
जेवणघरात लावायचा आहे.

मे महिना. नदीत वाळू,
वाळूत टरबुजाचे वेल, वेलांवर राखणीला पोरं.
निलंग्याचा काशिलिंग फोटोवाला
तेरणा येऊन मिळते तिथल्या डोहाशी
पोटावर झोपला, म्हैस काठीनं बाजूला सारली,
कॅमेरा पाण्याला टेकवला,
आणि एवढ्याशा पाण्याला
पलीकडचा काठच उरला नाही.
मी रजिस्टर केलं. पावती अजून आहे.

बोटीवर आमचा एकच माणूस, बसवंत बिरादार,
बॉयलरपाशी. त्याची आई नीलम्मा
दर शुक्रवारी खिडकीशी.
पत्र वाचायला तिचा पुतण्या होता,
माझ्याकडून तिला फक्त शिक्का वाचून हवा असे.
"कुठं हाय लेकरू?"
शिक्क्यात गाव नसायचं. फ्लीट मेल ऑफिस, बस.
समुद्राला पत्ता नसतो मावशी, मी म्हणायचो.
"मंग तारीक सांगा."
त्या तारखेला तो होता,
एवढं ती पदराच्या गाठीत बांधून न्यायची.

एकाहत्तरच्या डिसेंबरात सतरा दिवस काहीच नाही.
ती यायची, उभी राहायची.
मी कोऱ्या कागदावर शिक्का मारून तिला दाखवायचो,
आमचाच, औरादचा, त्या दिवशीचा.
कशासाठी, मलाही ठाऊक नव्हतं.
मग एक आंतरदेशीय आलं, शिक्का इतका फिका
की भिंगाखालीही फक्त एक दोन आणि एक सात.
"पुरे," ती म्हणाली. "दोन आन सात. लई झालं."

विनाशिका म्हणजे काय, तिनं एकदा विचारलं होतं.
मोठी बोट, मी म्हणालो.

नव्वदच्या चैत्रात एक गृहस्थ आले,
पालक्काडचे, केळप्पन. हिंदी तुटकी.
बोट दारूखान्यात मोडली, म्हणाले,
लोखंड टनावर गेलं, पितळ वेगळं.
पिशवीत शेवटच्या दिवसाचं पाकीट,
तोच पंजा, आणि शेजारी
राखून ठेवलेली रुपयाएवढी जागा.
"इथला शिक्का पाहिजे. नदीचा."
नदीला शिक्का नसतो. गावाचा आहे.
"चालेल."
मी शाईची गादी ओली केली,
तारखेचे ठोकळे दोनदा तपासले.
बावीस वर्षं धाडधाड मारत आलो,
त्या दिवशी हात अलगद खाली आणला.

मग त्यांनी विचारलं, नदी किती लांब?
सोळा वर्षं जेवताना समोर तो फोटो होता त्यांच्या.
मी काय बोलणार?
सायकलवर डबलसीट नेलं.

काठावर उभे राहिले. बराच वेळ.
खाली टरबुजं होती, एक कुत्रं होतं.
आता विचारतील, मला वाटलं.
त्यांनी बूट काढले, मोजे बुटात कोंबले,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडली
आणि कोरड्या वाळूत उतरले
पाण्यात उतरतात तसे,
एक पाय पुढे चाचपत.

मधोमध पोचल्यावर वळले
आणि तिथून ओरडले :
बसवंत नेहमी सांगायचा,
फोटोत लहान दिसते!