चाळीस लिटर

गळीत संपलं, बॉयलर थंड झाला,
आणि मी लॅबमधला रिफ्रॅक्टोमीटर घरी आणला,
रजिस्टरात सही करून, शेऱ्यात 'तपासणीसाठी'.
बावीस वर्षं त्याच्या डोळ्यातून उसाची गोडी पाहिली.
आता त्याला मिठाकडे बघायला लावायचं होतं.

काच काशिनाथ पांचाळनं कापली,
दीड फूट बाय एक बाय एक.
सिलिकॉनची रेघ ओढता ओढता म्हणाला,
"मासे साध्या पाण्यात बी जगतेत की सर,
काय करूलालाव हे?"
मला नीट सांगता येईना.
मी म्हणालो, गळायला नको फक्त.

गंजगोलाईत होनरावअप्पांना विचारलं,
समुद्राचं मीठ आहे का?
अप्पांनी चष्मा कपाळावर नेला.
"मग हे काय औशाच्या शेतात पिकलंय?"
पण त्यांच्या मिठात आयोडीन, वर गुठळी न होण्याची काळजी.
मला हवं होतं मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियमची चिमूट,
म्हणजे अख्खा समुद्र, वजा पाणी.
तो पुण्याहून आला, चार किलोच्या बादलीत,
बिलासह.

दगडांना लातुरात काय तोटा!
खदानीतून चार आणले, ॲसिडचा थेंब टाकला.
काळा दगड गप्प.
त्याची ओळख आगीशी, पाण्याशी नाही.
ओढ्याकाठची चुनखडी मात्र फसफसली,
दूरच्या नात्यातली बाई लग्नात उगाच रडते तशी.

जिवंत दगड ट्रॅव्हल्सनं आला,
पहाटे पाचला, थर्माकोलच्या खोक्यात,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून.
"काय हाय ह्यात? रातभर वास मारूलालाय,
मागच्या शिटा शिव्या घालूलाल्या," क्लीनर म्हणाला.
त्याला पन्नास दिले.
रिक्षात खोक्याला नाक लावून बसलो,
कॉलेजच्या सहलीत एकदा, गुहागरला,
असाच वास आला होता,
आणि तेव्हा मी म्हणालो होतो, शी.

राहिलं पाणी.
खय्यूमभाईच्या प्लांटवरून चार जार, टीडीएस शून्य.
"असलं पिऊ नका सर, ह्याला चवच नाय."
नळ येऊन नववा दिवस होता.
जिन्यात द्वारकाबाई, शेजारी रिकामी घागर.
"गोडं पाणी आणून त्यात मीठ कालवूलालाव व्हय?"
रागावून म्हणाल्या असत्या तर बरं होतं.
पाचवा जार आणून त्यांच्या दाराशी ठेवला.
दोन दिवस तो तिथंच होता.
तिसऱ्या दिवशी नव्हता.

कालवलं. लिटरला पस्तीस ग्रॅम, रात्रभर पंप.
सकाळी काचेवर थेंब ठेवून उजेडाकडे धरलं:
साडेचार ब्रिक्स.
उसाचा रस असता तर शेतकऱ्याला परत पाठवला असता.
यंत्राला काय, गोड की खारट,
त्याला फक्त कळतं
उजेड किती वाकला.

मग मे. बेचाळीस अंश.
दुकानवाले हीटर पाठवतात, सोबत वॉरंटी.
मी कॉम्प्युटरचा जुना पंखा काठावर बांधला,
बाटल्यांत बर्फ, लाईट गेली की इन्व्हर्टर.
माझा समुद्र रोज लिटरभर उडून जातो,
मीठ मात्र मागेच राहतं,
म्हणून रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची.
हा हिशेब मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

द्वारकाबाई एकदा आल्या, विचारल्याशिवाय बोट बुडवलं,
जिभेला लावलं.
"लई झालं. वरणात असतं तर फेकलं असतं."
तेवढ्यात दगडाच्या भोकातून
केसाएवढं काहीतरी बाहेर आलं,
पिसासारखं उलगडलं,
आणि त्यांचं बोट दिसताच आत.

"हे कितीला आणलं?"
हे आणलं नाही, म्हणालो. हे आपोआप आलंय, दगडातून.
त्या खाली बसल्या, पदरानं बोट पुसत.
"थांबा," म्हणाल्या, "हलू नका.
येईल परत."