पुढे पंचवीस, मागे पस्तीस

वारज्याच्या पुलाखाली कुट्टप्पनचं दुकान.
दुकान म्हणजे एक कॉम्प्रेसर, ट्यूब बुडवायची पाटी
आणि खांबाला टांगलेल्या टायरवर चुन्यानं लिहिलेलं ‘पंचर’.
ड्यूटीला जाताना माझी गाडी तिथे थांबायची.
‘पुढे पंचवीस, मागे पस्तीस,’ तो न विचारता म्हणायचा.
तेवढं त्याचं मराठी बिनचूक.

त्या दुपारी कॉल आला: शॉक लागलाय, माणूस पडलाय.
पत्ता ऐकून शिंगोट्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही,
नुसता सायरन लावला.

मेन स्विच कुणीतरी पाडला होता, शाबास.
कुणी नाकाशी चप्पलही धरली होती.
मानेत नाडी. बारीक, पण आहे.
छाती नाही.
कॉम्प्रेसर आणि कुट्टप्पन, दोघं शेजारी शेजारी गप्प.

पेटी उघडली. काळा सिलिंडर, पांढरी मान,
हिरवी नळी, मुठीएवढा व्हॉल्व्ह, वर बटण.
जबडा पुढे ओढला, मास्कची कड गालात बसवली
(दोन दिवसांची दाढी, हवा तिथूनच पळते)
आणि दाबलं.
फुस्स.
छाती वर आली. सोडलं. खाली बसली.

एक, दोन, तीन, चार, दाब.

ट्रेनिंगला बर्डे मॅडम ओरडायच्या:
छाती हलली की बोट काढ. लोभ नको.
जास्त दिलंस तर पोटात जातं, पोटातलं वर येतं,
मग बस निस्तरत.
साठ सेंटिमीटर पाण्याइतका दाब झाला की व्हॉल्व्ह किंचाळतो.
मी एकदा रिकाम्या वेळात हिशेब केला होता,
टायरच्या भाषेत तो एक पौंडही भरत नाही.
पुढे पंचवीस, मागे पस्तीस,
माणसाला अर्धा पुष्कळ.

एक, दोन, तीन, चार, दाब.
कर्वेनगर.
दाब.
नळस्टॉपला मेट्रोच्या खांबाशी एक पांढरी गाडी हलेना.
शिंगोटे खिडकीतून जे बोलले ते कवितेत बसत नाही.
काटा दीडशेला होता, आता पन्नास,
गरवारेच्या पुढे तीस.
अंबू बॅग काढून मांडीवर ठेवली.
सिलिंडर संपला तर हात आहेतच.

संगम पुलावर, तीनला,
म्हणजे मी दाबायच्या आधी,
फुस्स.
बोटाकडे पाहिलं. बोट बटणावर नव्हतं.

या व्हॉल्व्हची एक खोड सांगायची राहिली:
आतला माणूस स्वतः ओढू लागला,
कितीही थोडं,
तर तो बटणाची वाट पाहत नाही.
मागितलं की देतो.

पुन्हा एकदा. मग बराच वेळ काही नाही. मी दाबलं.
मग पुन्हा त्यानं.
शिंगोट्यांना सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही.
असलं बोललं की फिरतं, असं माझी आत्या म्हणायची.
तेव्हा लक्षात आलं की माझ्याच डोळ्यांपुढे काजवे आहेत,
मोजता मोजता मी स्वतःचा घ्यायचा विसरले होते.

ससूनच्या दारात स्ट्रेचर, सही, वेळ दोन सत्तेचाळीस.
मास्क पुसला, नळी गुंडाळली,
सिलिंडरला ‘रिकामा’ अशी चिठ्ठी,
तळाशी थोडा बाकी असूनही.
आत काय झालं ते आम्हाला कुणी कळवत नाही.
पुढचा कॉल मुंढव्याचा होता.

दीड महिन्यानं मागचं चाक बसलं.
दुकान उघडं. नवी वायर, खांबाला नीट ठोकलेली.
उजव्या तळव्यावर गुलाबी, ताजी कातडी.
त्यानं ओळखलं, म्हणजे गाडीला ओळखलं.
‘मागे फार कमी होती मॅडम. असं चालवायचं नाही.’
नळी लावली. फुस्स.
हँडलवर माझं बोट आपोआप मोजू लागलं.

वीसची नोट दिली. त्यानं दहाचं नाणं परत केलं
आणि मागच्या रिक्षाकडे वळला,
खोकत,
खडखडीत, स्वतःचा खोकला.