कंट्रोलरची वही

माझे वडील श्रीरामपूर डेपोत
एकतीस वर्षं ट्रॅफिक कंट्रोलर होते.
रिटायर झाले, शिट्टी गेली,
खिशातली वही काही गेली नाही.
नाताळाआधी नाना पेठेत आमच्याकडे आले
आणि चर्चच्या आवारात, पाळकांच्या घराच्या ओसरीवर
खुर्ची टाकून बसले.

पहिला दिवसभर बोलले नाहीत. नुसतं लिहीत होते.

सात दहा. रणनवरे. बाप्तिस्म्याचा दाखला.
सात पंचवीस. आवारातला नळ गळतो. जावई, पाना घेऊन.
आठ पाच. दोन भाऊ, एक गाळा.
नऊ चाळीस. तेच भाऊ, तोच गाळा.
दीड. ताट वाढलं. ताटावर ताट झाकलं.
अडीच. ससूनमधून फोन. जावई स्कूटरवर.
चार. बाकावर नऊ माणसं. स्कूटर नाही.
सहा. बाकावर पाच.
गेलेल्या चारांत एक बाई रडत होती.
नाव विचारायचं राहिलं.

रात्री त्यांनी हे सगळं वाचून दाखवलं.
आमचे हे भात कालवत राहिले, कालवतच राहिले.
म्हणाले, "लोक माझ्याकडेच येतात, पपा."
"येणारच. स्टँडवर एकच गाडी लागते म्हटल्यावर.
ड्रायव्हर थकतो ते मागाहून, शांतवन.
आधी माणसं फलाटावर रात्र काढतात."

खरं सांगू?
पाळकसाहेबांशिवाय पान हलत नाही,
असं कुणी म्हटलं की यांची पाठ ताठ व्हायची.
आणि माझीही.

मग माणसं शोधणं सुरू झालं.
"हुशार नंतर बघ," वडील म्हणाले,
"आधी दुसऱ्याचं गुपित पोटात ठेवणारा बघ."
दवाखान्याच्या भेटी सुगंधाबाई पाटोळेंकडे गेल्या,
जन्मभर रात्रपाळी केलेली बाई.
भावाभावांची भांडणं एलीशा चक्रनारायणकडे.
रिक्षा चालवतो. स्वतःच्या भावाशी
अकरा वर्षं बोलला नव्हता,
त्याची किंमत त्याला तोंडपाठ.
गव्हाण आणि तारा तरुण मुलांकडे.

तारा वाकडा लागला.
शिवाय हिरवा, आणि लुकलुकणारा.
रात्री अकराला हे चपला शोधताना दिसले.
मी शिडी आत ओढली आणि कडी लावली.

तो वाकडा तारा बघायला
क्वार्टर गेटची पोरं रोज फाटकाशी यायची.
तरी यांना तो वाकडाच दिसायचा.

जानेवारीत म्हातारे अमोलिक गेले, पहाटे.
सुगंधाबाईंनी हात धरला होता.
त्यांनी म्हणे शेवटपर्यंत पाळकांना बोलवा म्हटलं नाही.
हे पायरीवर बसले. चहा निवला.
"विचारलंसुद्धा नाही गं माझं," एवढंच बोलले.
त्या आवाजात सुटका होती की दुखणं,
मला अजून सांगता येत नाही.
पण दफनाच्या वेळी प्रार्थना करताना
पहिल्यांदाच मधे घड्याळाकडे पाहिलं नाही.
विधवेपाशी बसले, दिवे लागेपर्यंत.

वडिलांना वाकडेवाडीच्या स्टँडवर सोडलं.
गाडी हलल्यावर त्यांनी खिडकीतून
वहीचं एक पान माझ्या हातात दिलं.

दीड. जावई वेळेवर जेवला.
दोन. मुलगी ओट्यापाशी.
साडेनऊ. मुलगी ओट्यापाशी.
ही गाडी कुणाच्या नावावर?

पान मी फ्रिजवर लावलं, काही न बोलता.
तिसऱ्या दिवशी यांनी बाह्या वर केल्या.
"कुकरच्या शिट्ट्या किती?"
तीन, म्हटलं,
आणि ओसरीवरच्या खुर्चीत जाऊन बसले.

चौथी झाली.
पाचवीसुद्धा.
मी उठले नाही.