शून्याला दोन शिंगं

कॉल आला दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी.
मार्केट यार्ड, हळदीचं गोदाम.
मी वहीत लिहिलं : १.०५

बंब जागेवर नव्हता.
विश्रामबागेत कोगनोळे साहेबांच्या मेहुण्याची
नवी टाकी भरत होता.
असल्या फेरीची नोंद करायची नसते,
हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

१.५० ला निघाला, अर्धा रिकामा,
पाइपाला सायकलची ट्यूब गुंडाळलेला.
शिकलगार तरी आत शिरला.
त्याचा मास्क
तीन वर्षं मागणीपत्रात आहे.

हळद जळते तेव्हा धूर पिवळा नसतो.
काळाच असतो.
हळद फक्त घशाला कळते.

संध्याकाळी साहेबांनी चहा मागवला,
माझ्यासाठीसुद्धा.
वही पुढे सरकवली.
"शून्याला दोन शिंगं काढ, चार होतो.
पेन तेच घे."

काढली.
चहा गोड होता, संपवला.

पाच मिनिटांत बंब रवाना :
चौकशीत कौतुक झालं म्हणे.

मिरजेला गेलो रविवारी.
शिकलगारच्या तोंडावर आता मास्क आहे,
कोरा, नळीसकट.
तो जरासा बाजूला करून विचारतो,
"कॉल कितीला आला होता रे?"

मी म्हणतो, बोलू नकोस,
डॉक्टर ओरडतील.